चयापचयाचे नियमन आणि पेशी-संदेशन : दोन पेपर, एकच अभ्यास

नांदेड येथे एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने असे विचारले आहे की ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण हे सगळे मार्ग संरचनांसह तिला पाठ आहेत, परंतु नियमनाचा प्रश्न आला की फॉस्फेट लागल्यावर कोणते एन्झाइम चालू होते आणि कोणते बंद होते याचा गोंधळ उडतो, आणि पेशी-संदेशनाच्या पेपरात तर कायनेजांची, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमांची, नावेच एकमेकांत मिसळून जातात. आधी चयापचय संपवून मग संदेशन घ्यावे की उलट, आणि नेट परीक्षेसाठी यातले काय किती करावे, हेही तिला जाणून घ्यायचे आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आहे आणि हा प्रश्न दरवर्षी नव्या तोंडून ऐकतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी काय आणि नंतर काय, हा क्रमच मुळात सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमात हे दोन पेपर वेगळे आहेत, पण पेशीत ते वेगळे नाहीत. पेशीबाहेरचा संदेश अखेर कोणत्या तरी एन्झाइमपाशी, वाहिनीपाशी किंवा जनुकापाशी जाऊन थांबतो, आणि त्या एन्झाइमला तिथे आधीपासून पेशीच्या आतली परिस्थितीही कळत असते. म्हणून एक अवयव आणि शरीराची एक अवस्था निवडावी, उदाहरणार्थ रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचे यकृत, आणि ग्लुकागॉन या उपाशीपणी वाढणाऱ्या हार्मोनपासून ग्लुकोजपर्यंतचा सगळा प्रवास एका बैठकीत समजून घ्यावा. असे चार-पाच प्रवास नीट झाले की उरलेला विषय त्यांच्याच आधाराने उभा राहतो. अकरावी-बारावीला लातूर पॅटर्नच्या शिस्तीत तयार झालेल्या मुलामुलींची स्मरणाची आणि सरावाची बैठक पक्की असते. ती इथेही कामाला येते, मात्र पाठ करायची गोष्ट बदलते. एन्झाइमांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक एन्झाइमपाशी तेच ते प्रश्न विचारण्याची सवय पाठ करावी लागते.

त्यातला पहिला प्रश्न असा की नियमन याच पायरीवर का आहे. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्या पेशीत समतोलाच्या जवळ चालतात. अल्डोलेजच्या अभिक्रियेचा प्रमाणित मुक्त ऊर्जाबदल मोलमागे अधिक २३.८ किलोज्यूल आहे. तो आकडा पाहून ही पायरी चालतच नसावी असे वाटते. प्रत्यक्ष पेशीत मात्र अभिकारक आणि उत्पादने यांचे प्रमाण असे असते की खरा ऊर्जाबदल शून्याच्या आसपास येतो, आणि ही अभिक्रिया परिस्थितीनुसार दोन्ही दिशांनी वाहू शकते. अशा पायरीवर एन्झाइम दुप्पट केले तरी पुढचा आणि मागचा वेग सारखाच वाढतो, निव्वळ फरक फारसा पडत नाही. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ ची पायरी समतोलापासून फार दूर असते, म्हणून तिथे पकड बसवण्यात अर्थ आहे. हे एकदा ध्यानात आले की हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज हीच तीन नावे पुन्हा पुन्हा का येतात आणि ग्लुकोनिओजेनेसिसला, म्हणजे नव्याने ग्लुकोज बनवण्याच्या मार्गाला, नेमक्या याच तीन ठिकाणी वेगळी वाट का काढावी लागते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

पेशीला ऊर्जेची चणचण कशी कळते, हे आता पाहू. एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू कमी झाला की कळते, असे उत्तर बहुतेक जण देतात, पण जिवंत पेशीत एटीपी फारसा कमी होऊच दिला जात नाही. इथे कागद घेऊन थोडे गणित करावे. अॅडेनिलेट कायनेज दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी तयार करते. तिचा समतोल स्थिरांक सोयीसाठी १ धरू. एटीपी ४.८ आणि एडीपी ०.४ मिलिमोलर असेल तर एएमपी ०.४ गुणिले ०.४ भागिले ४.८, म्हणजे ०.०३३ मिलिमोलर येतो. आता एटीपी ४.३ पर्यंत उतरला आणि तिघांची बेरीज तीच राहिली, तर वर्गसमीकरण सोडवल्यावर एडीपी सुमारे ०.७९ आणि एएमपी सुमारे ०.१४५ मिलिमोलर मिळतो. एटीपी जेमतेम दहा टक्क्यांनी घटला, एडीपी दुपटीच्या जवळ गेला आणि एएमपी चौपटीहून अधिक वाढला. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, स्नायूतले ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज आणि एएमपीवर चालणारे एएमपीके ही तिन्ही एन्झाइम्स एएमपीकडेच का पाहतात, याचे कारण या आकड्यांत आहे. हे गणित स्वतःच्या हाताने करावे, कारण नुसते वाचून ते अंगात मुरत नाही.

दुसरा प्रश्न ऊतीचा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. उत्तरपत्रिकेत ग्लुकागॉन किंवा अॅड्रेनलिन आले की ग्लायकोलिसिस थांबते, असे सरसकट लिहिलेले असते. कोणत्या ऊतीत, हे लिहिल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हा रेणू पाहा. तो १९८० मध्ये सापडला, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ ला तो जोराने चालना देतो आणि फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेजला रोखतो. त्याला तयार करणारे आणि मोडणारे एन्झाइम एकाच प्रथिनसाखळीवर आहे, एका टोकाला कायनेज आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फेटेज. यकृतात ग्लुकागॉनमुळे चक्रीय एएमपी हा पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए या प्रथिनाच्या ३२ व्या सेरीनवर फॉस्फेट लावते, त्यामुळे कायनेजचे टोक मंदावते आणि फॉस्फेटेजचे टोक जागे होते. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट घटतो, ग्लायकोलिसिसचा पाय मागे येतो आणि ग्लुकोजनिर्मिती पुढे सरकते. हृदयातील समरूपाला, म्हणजे याच एन्झाइमच्या हृदयातल्या प्रकाराला, फॉस्फेट लागण्याच्या जागा निराळ्या टोकाला आहेत, आणि तिथे फॉस्फेट लागल्यावर कायनेजच अधिक जोमाने चालते. अॅड्रेनलिन आले की हृदयाला इंधन जाळायचे असते, यकृताला इंधन पुरवायचे असते. तेच हार्मोन, तेच चक्रीय एएमपी, तेच प्रोटीन कायनेज ए, आणि फलित उलट. कंकालस्नायूच्या समरूपात तर यकृतासारखी ती फॉस्फेटची जागाच नाही. म्हणून कोणत्या ऊतीत काय चालू आणि काय बंद याचे कोष्टक पाठ करण्यापूर्वी त्या अवयवाचे शरीरातले काम एका वाक्यात लिहावे; दिशा बहुतेक वेळा त्या वाक्यातूनच निघते.

ग्लुकोकायनेजचेही तसेच आहे. मेंदूतल्या हेक्सोकायनेजचे केएम मूल्य, म्हणजे निम्मा वेग गाठायला लागणारी ग्लुकोजची पातळी, ०.१ मिलिमोलरच्या आतबाहेर असते, तर यकृतातील ग्लुकोकायनेज सुमारे ८ मिलिमोलर ग्लुकोजला निम्म्या वेगावर येते. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज ५ मिलिमोलरच्या, म्हणजे डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास असते. मेंदूचे एन्झाइम त्या पातळीला भरून वाहत असते आणि यकृताचे अजून वाट पाहत असते. ही दोन मूल्ये आणि ती एक पातळी एकाच आलेखावर काढली की जेवणानंतर ग्लुकोज यकृताकडे का वळते, हे डोळ्यांना दिसते.

फॉस्फेट लागले की एन्झाइम चालू किंवा बंद, ही समजूतही मला घातक वाटते. फॉस्फेट म्हणजे बटण नव्हे. अनेकदा ते एन्झाइमची इतर रेणूंविषयीची संवेदनशीलता तेवढी बदलते. यकृतातले पायरुवेट कायनेज फॉस्फेट लागल्यावर नाहीसे होत नाही, त्याची फॉस्फोइनॉलपायरुवेटविषयीची ओढ कमी होते आणि एटीपी व अॅलानिन यांचा रोध त्याला अधिक जाणवतो. आपल्या रब्बीच्या ज्वारीत याचे फार सुंदर उदाहरण आहे. ज्वारी सी-४ वनस्पती असल्याने तिच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे पहिले काम फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बॉक्सिलेज करते, आणि पुढे तयार होणारे मॅलेट त्यालाच रोखते. दिवसा मात्र मॅलेट भरपूर साठलेले असतानाही एन्झाइम चालू राहायला हवे. ऊन पडले की एक विशिष्ट कायनेज या एन्झाइमच्या सुरुवातीच्या टोकाजवळील सेरीनवर फॉस्फेट लावते आणि मॅलेटचा रोध सैल पडतो. अंधार पडला की फॉस्फेट निघते आणि मॅलेटचा धाक परत येतो. यकृत आणि ज्वारीचे पान यांच्यात दुसरे काही साम्य नसेल, पण नियमनाची ही रीत एकच आहे, आणि वनस्पतींच्या भागाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण मुद्दाम वाचावे.

आता संदेशनाकडे येतो. रिसेप्टर, जी-प्रोटीन, दुय्यम संदेशवाहक, कायनेज ही साखळी आकृतीवरून पाठ करण्याऐवजी ती मुळात कशी उलगडली, हे वाचावे. अर्ल सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात यकृताच्या पेशी फोडून त्या लगद्यात अॅड्रेनलिन किंवा ग्लुकागॉन घातले तेव्हा फॉस्फोरिलेज सक्रिय झाले. नंतर त्यांनी लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जड कण खाली बसवले आणि वरच्या द्रवात हार्मोन घातले, तर काहीच झाले नाही, जरी फॉस्फोरिलेज त्या द्रवातच होते. मग खाली बसलेल्या कणांना हार्मोन आणि एटीपी देऊन जे तयार झाले ते उकळले आणि वरच्या द्रवात मिसळले. फॉस्फोरिलेज पुन्हा जागे झाले. इथे पुस्तक मिटून विचार करावा. उकळूनही जो टिकला तो घटक प्रथिन असण्याची शक्यता फार कमी. तो कणांपासून तयार झाला, म्हणजे त्याला बनवणारे एन्झाइम पटलाशी जोडलेले असणार. हार्मोन स्वतः आतल्या एन्झाइमपर्यंत पोहोचलेच नाही. तो घटक म्हणजे चक्रीय एएमपी, आणि या कामासाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेल मिळाले. पुढे जी-प्रोटीनसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ मध्ये, प्रथिनांवरील परिवर्तनीय फॉस्फोरिलेशनसाठी फिशर आणि क्रेब्ज यांना १९९२ मध्ये, तर जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांसाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले. १९९२ चे हे क्रेब्ज म्हणजे एडविन क्रेब्ज. चक्राचे हान्स क्रेब्ज निराळे.

संदेश सुरू कसा होतो हे सगळे लिहितात, थांबतो कसा हे फार थोडे लिहितात. प्रत्येक संदेशमार्गाच्या आकृतीत सुरू करणाऱ्या बाणाइतकाच ठळक बाण बंद करणाऱ्याला द्यावा. जी-प्रोटीन स्वतःच जीटीपी तोडून शांत होते, फॉस्फोडायएस्टरेज चक्रीय एएमपी मोडते, फॉस्फेटेज प्रथिनांवरचे फॉस्फेट काढते, रिसेप्टरवर अरेस्टिन बसते. यातले एक जरी अडले तर काय होते, ते पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, दिसते. कॉलराचे विष आतड्याच्या पेशीतील जी-प्रोटीनच्या अल्फा उपघटकाला एडीपी-रायबोज जोडते, त्यामुळे त्याला जीटीपी तोडता येत नाही, चक्रीय एएमपी वाढतच राहतो, क्लोराइडची वाहिनी उघडी राहते आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात लोटते. याच पेशीवर सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारा वाहक मात्र शाबूत असतो, आणि म्हणून मीठ-साखरेची जलसंजीवनी काम करते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला, तेव्हा असंख्य जीव वाचले. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या गावांत जुलाबाच्या साथी सर्वांनी पाहिल्या आहेत. ही यंत्रणा शिकताना ते चित्र मनात असू द्यावे, विषय कोरडा राहत नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. अॅलोस्टेरिक बदल, म्हणजे एखादा छोटा रेणू एन्झाइमला बसून होणारा बदल, सेकंदाच्या आत होतो, फॉस्फोरिलेशनला सेकंदे ते मिनिटे लागतात, जनुकांच्या पातळीवरचा बदल तासांच्या हिशेबात चालतो. एकादशीचा उपवास यासाठी चांगला नमुना आहे. निरंकार उपवास करणाऱ्याच्या यकृतात ग्लायकोजेन हळूहळू उतरते. प्रौढ माणसाच्या यकृतात ते सुमारे १०० ग्रॅम धरले तर दिवसभरात बहुतेक संपते, आणि दरम्यान चक्रीय एएमपीच्या मार्गाने क्रेब (CREB) हे जनुकांना चालना देणारे प्रथिन सक्रिय होऊन फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बॉक्सिकायनेजचे जनुक अधिक वाचले जाते. साबुदाण्याची खिचडी आणि भगर खाणाऱ्याचा उपवास श्रद्धेने उपवासच आहे, पण यकृताच्या दृष्टीने ते पिष्टमय पदार्थांचे पोटभर जेवण आहे. इन्सुलिन वाढते आणि वरचे काहीही घडत नाही. वर्गात मी या दोन व्यक्तींचे तक्ते शेजारी शेजारी काढायला सांगतो. त्यांच्याजवळच तिसरी व्यक्ती ठेवावी, पहाटे फडात उतरून उसाची मोळी डोक्यावर घेणारी बीडकडची ऊसतोड कामगार. तिच्या स्नायूत हार्मोन पोहोचण्याआधीच आकुंचनासाठी सुटलेले कॅल्शियम फॉस्फोरिलेज कायनेजला चालना देते आणि एएमपी फॉस्फोरिलेजला. तिच्या कंकालस्नायूवर ग्लुकागॉनचा परिणाम होत नाही, आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसल्याने तिथले ग्लायकोजेन रक्तात ग्लुकोज म्हणून जात नाही; लॅक्टेट जाते, आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते.

इन्सुलिनचा मार्ग लांब आहे, पण तो फांद्यांनी लक्षात ठेवावा. रिसेप्टर, आयआरएस, पीआय-३ कायनेज, पीआयपी-३, एकेटी इथपर्यंत एकच खोड आहे. एकेटीपासून एक फांदी जीएसके-३ ला थांबवून ग्लायकोजेन संश्लेषण मोकळे करते, दुसरी ग्लुट-४ च्या पिशव्या पटलाकडे पाठवते, तिसरी फॉक्सओ-१ ला केंद्रकाबाहेर काढून ग्लुकोजनिर्मितीची जनुके शांत करते, आणि मेदपेशीत एक फांदी फॉस्फोडायएस्टरेज वाढवून थेट चक्रीय एएमपीच्या मुळाशी जाते. दोन हार्मोनांचे मार्ग एकमेकांना कापतात ते इथे, आणि परीक्षेतले चांगले प्रश्न बहुधा याच छेदबिंदूंवर असतात.

वेगमर्यादक पायरी हा शब्दप्रयोग जपून वापरावा, असेही मी सांगेन. १९७३ मध्ये एडिंबरा येथील कॅक्सर आणि बर्न्स यांनी दाखवले की मार्गाच्या प्रवाहावरचे नियंत्रण एकाच एन्झाइमकडे नसून ते कमी-अधिक प्रमाणात अनेकांत वाटलेले असते. जायकवाडीच्या कालव्यावर एकच दार पूर्ण उघडले म्हणून शेवटच्या शेताला दुप्पट पाणी मिळत नाही, तसेच हे आहे. किण्वात फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि ग्लायकोलिसिसची इतर एन्झाइम्स वाढवून पाहिली तेव्हा अल्कोहोल तयार होण्याचा वेग वाढला नाही, हा १९८९ चा निष्कर्ष या मताला धरूनच आहे.

प्रयोगशाळेविषयी थोडे. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत कलरीमीटर आणि साधे सेंट्रिफ्यूज यापलीकडे फार काही नसते, पण नियमनाचा एक खरा प्रयोग तेवढ्यात होतो. बोकडाच्या ताज्या कलेजीचा थंड अर्क काढावा, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि मॅग्नेशियम देऊन ७.५ सामूला सुटणारे फॉस्फेट फिस्के आणि सुब्बाराव यांच्या १९२५ च्या पद्धतीने मोजावे, आणि मग तेच एएमपी घालून करावे. रोध दिसायला हवा. एक खबरदारी मात्र घ्यावीच लागते. कच्च्या अर्कात एएमपीमधूनही फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स असतात, म्हणून फक्त एएमपी असलेली एक नळी आणि शून्य मिनिटाची एक नळी न चुकता ठेवावी. अन्यथा रोध असूनही फॉस्फेट वाढलेले दिसेल. नियंत्रण नळी कशासाठी असते, हे या एका प्रयोगात जितके कळते तितके व्याख्यानांतून कळत नाही.

नेटच्या जीवशास्त्र विषयाच्या पेपरात भाग क मध्ये प्रयोगाची माहिती देऊन निष्कर्ष विचारतात, आणि वरची सगळी तयारी तिथे वापरायची आहे. वेस्टर्न ब्लॉटचे, म्हणजे प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या तंत्राचे, चित्र आले की फॉस्फो-एकेटीच्या पट्टीकडे लगेच धावू नये. आधी एकूण एकेटीची रांग सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे, मग काहीही न दिलेला रकाना, मग फक्त रोधक दिलेला रकाना, आणि त्यानंतरच इन्सुलिन व रोधक एकत्र दिलेला रकाना वाचावा. रोधक वोर्टमॅनिन असेल तर तो पीआय-३ कायनेजला अडवतो, म्हणजे रिसेप्टरवरचे फॉस्फोटायरोसिन तसेच राहील आणि एकेटीवरचे जाईल. प्रत्येक रोधकासाठी साखळी कुठे तुटते, वरचे काय टिकते आणि खालचे काय जाते, हे वहीत मराठीत लिहून ठेवावे आणि संज्ञा इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्याच ठेवाव्यात. सत्राच्या उरलेल्या काळात ग्लुकागॉन व यकृत, अॅड्रेनलिन व स्नायू, इन्सुलिन व मेदपेशी आणि एएमपीके एवढे चार प्रवास पुरे करावेत. विंट आणि नॉच यांसारखे विकासाशी निगडित मार्ग पुढच्या सत्रात घेतले तरी चालतील.